‘कुत्र्याला वाटलं’ म्हटल्यास दंड

सेंट पीटर्सबर्गमधल्या इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक विलक्षण नियम होता. ‘कुत्र्याने ओळखलं’, ‘कुत्र्याला हवं होतं’, ‘कुत्र्याच्या मनात आलं’ असं बोलायला तिथे मनाई होती आणि तसं बोलणाऱ्यासाठी चक्क दंड जाहीर केलेला होता. पावलोव्ह यांनीच पुढे हे सांगून ठेवलं आहे. ज्या कुत्र्यांसोबत माणसं रोज काही तास घालवत होती, ज्यांच्या खोडी आणि आवडीनिवडी त्यांना पाठ होत्या, त्यांच्याबद्दल बोलताना ‘वाटणं’ हे क्रियापद टाळायचं ही सोपी गोष्ट नव्हती. सोपी असती तर दंडाची गरजच पडली नसती.

वर्तनवादाचा इतिहास आपल्याकडे बहुधा प्राण्यांच्या गोष्टींतून पोहोचतो. बी.एड.च्या किंवा टीईटीच्या बालमानसशास्त्राच्या पुस्तकात पावलोव्ह यांचं अभिजात अभिसंधान, थॉर्नडाइक यांची प्रयत्न-प्रमाद उपपत्ती आणि स्किनर यांचं साधक अभिसंधान ओळीने येतं, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक प्राणी असतो: कुत्रा, मांजर, उंदीर. प्राणी लक्षात राहतात. भांडण कशावरून होतं ते मात्र निसटतं. भांडण शब्दांवरून होतं. एखादा जीव काय करतो आहे हे सांगताना कोणते शब्द वापरायची आपल्याला मुभा आहे, आणि ती कशाच्या आधारावर? हा प्रश्न वर्तनवाद्यांनी जितक्या गांभीर्याने घेतला तितका त्यांच्याआधी मानसशास्त्रात कुणी घेतला नव्हता. त्यांचं मोठेपण मला त्यात दिसतं. आणि त्यांची घसरण झाली तीही, त्यांनी स्वतःचेच शब्द सैल सोडले तिथे झाली.

पावलोव्ह मुळात मानसशास्त्रज्ञ नव्हतेच. ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. 1904 चं नोबेल पारितोषिक त्यांना पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नलिका लहानशी शस्त्रक्रिया करून गालाबाहेर आणायची, तिथे काचेची कुपी लावायची आणि थेंब मोजायचे, अशी त्यांची पद्धत. तोंडात अन्न पडल्यावर लाळ येते यात नवल नव्हतं. पण अन्न नुसतं दिसलं, अन्नाचं भांडं दिसलं, खायला आणणाऱ्या माणसाची पावलं वाजली तरी थेंब पडू लागत. या लाळेला प्रयोगशाळेत आधी ‘मानसिक स्राव’ म्हणत. स्नार्स्की नावाच्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं, की हा स्राव समजून घ्यायचा तर कुत्र्याच्या भावना, इच्छा आणि विचार गृहीत धरावे लागतील. पावलोव्ह यांची अडचण वेगळी होती. दोघांनी कुत्र्याच्या मनाविषयी दोन वेगळे अंदाज केले तर खरा कुणाचा, हे ठरवायचं कशाने? थेंब मोजता येतात, इच्छा कशी मोजणार? दोघांचं पटलं नाही, वाटा वेगळ्या झाल्या, आणि ‘मानसिक स्राव’ जाऊन त्याच्या जागी ‘सशर्त प्रतिक्षिप्त क्रिया’ आली.

सशर्त म्हणजे अटीवर अवलंबून असलेली. तोंडात अन्न पडल्यावर येणारी लाळ बिनशर्त. आवाज ऐकून येणारी लाळ सशर्त, म्हणजे त्या आवाजामागून अन्न येत राहील तोवरच टिकणारी. अन्न येणं बंद झालं की तीही हळूहळू विरते. पुस्तकात ज्याला विलोपन म्हणतात ते हेच. इंग्रजीत जाताना मात्र या ‘सशर्त’चं ‘कंडिशन्ड’ झालं आणि त्यातून ‘कंडिशनिंग’, म्हणजे पुस्तकातलं अभिसंधान, हे नाम निघालं. मूळ शब्द नुसती वस्तुस्थिती सांगत होता: ही क्रिया अमुक अटीवर होते. नव्या शब्दात कुणीतरी कुणाला तरी घडवतो आहे असा भाव शिरला. ‘आपलं कंडिशनिंगच तसं झालंय’ असं आपण आज सहज म्हणतो, तेव्हा आपण पावलोव्ह यांचा नव्हे, तर हा नंतरचा अर्थ वापरत असतो.

पावलोव्ह म्हटलं की जी घंटा आठवते, तिचंही असंच झालं. पावलोव्ह यांनी घंटा कधी वापरलीच नाही असं नाही, पण त्यांचा भर मेट्रोनोमचे ठोके, बझर, दिवे, त्वचेवरचा स्पर्श अशा ज्यांचं प्रमाण काटेकोर ठेवता येईल अशा उद्दीपकांवर होता. त्यांचा काटेकोरपणा कुठवर गेला होता ते पाहण्यासारखं आहे. मॉस्कोच्या लेडेन्त्सोव्ह संस्थेच्या देणगीतून त्यांनी प्रयोगशाळेची एक खास इमारत उभारली. ‘शांततेचा बुरूज’ म्हणून ती ओळखली जाते. जाड भिंती, भोवती आवाज अडवण्यासाठी खणलेला चर, आणि कुत्र्याला प्रयोग करणारा माणूस दिसू नये, ऐकू येऊ नये, म्हणून दोघांच्या वेगळ्या खोल्या. शब्दांवरचा दंड आणि या भिंती, दोन्हींचा हेतू एकच होता: आपल्याला जे दिसलं त्यात आपलं काही मिसळू द्यायचं नाही.

अटलांटिकपलीकडे थोडं आधीच दुसरं काम सुरू झालं होतं. त्याची पार्श्वभूमी ब्रिटनमधली. डार्विन यांचे स्नेही जॉर्ज रोमेन्स यांनी 1882 मध्ये प्राण्यांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिलं, ते बरंचसं लोकांनी कळवलेल्या किश्शांवर उभं होतं. अमुक मांजराने कडी उघडली, तमुक कुत्र्याने मालकाचं मन ओळखलं. 1894 मध्ये लॉइड मॉर्गन यांनी त्याला लगाम घातला: साध्या प्रक्रियेने उलगडा होत असेल तर वरच्या पातळीची बुद्धी गृहीत धरू नये. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या विद्यार्थ्याने मग फळ्यांचे पिंजरे ठोकले, आत उपाशी मांजर आणि बाहेर मासा ठेवला, आणि घड्याळ लावलं. आत दोरीचा फास, नाहीतर खटका. तो ओढला किंवा दाबला की दार उघडणार. मांजर ओरबाडतं, चावतं, फटीतून पंजा घालतं आणि कधीतरी चुकून फास ओढला जातो. पुन्हा आत. पुन्हा घड्याळ. दर खेपेचा वेळ आलेखावर मांडला तेव्हा तो हळूहळू, वरखाली होत उतरत गेलेला दिसला. मांजराला एखाद्या क्षणी युक्ती ‘कळली’ असती तर वेळ एकदम कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही. 1898 चा हा प्रबंध मला आजही मानसशास्त्रातल्या सर्वांत स्वच्छ कामांपैकी एक वाटतो, कारण त्यात ‘कळलं’ या शब्दाला अक्षरशः आलेखावर तपासून पाहिलं आहे.

पुढे थॉर्नडाइक यांनी परिणामाचा नियम मांडला: ज्या कृतीमागून समाधान येतं ती कृती त्या परिस्थितीशी घट्ट जोडली जाते. ‘समाधान’ हा तर मनाचाच शब्द झाला, अशी टीका होणार हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी व्याख्या दिली, की प्राणी जी स्थिती टाळण्यासाठी काहीच करत नाही आणि मिळवण्यासाठी पुष्कळ करतो ती समाधानाची स्थिती. मनाचा शब्द ठेवायचा आणि अर्थ मात्र कृतीतून द्यायचा, ही तडजोड पुढे फार जणांनी वापरली.

‘वर्तनवाद’ या नावाने झेंडा उभारला तो जॉन ब्रॉडस वॉटसन यांनी, 1913 मध्ये. तेव्हा मानसशास्त्र म्हणजे बहुतांशी अंतर्निरीक्षण होतं. विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढल्यापासून प्रशिक्षित निरीक्षकाने स्वतःच्या जाणिवेचं बारीक वर्णन करायचं हा शिरस्ता पडला होता. त्यातून एक कोंडी तयार झाली. वुर्झबर्गच्या निरीक्षकांना प्रतिमा किंवा संवेदना नसलेले विचार सापडत होते. कॉर्नेलला टिचनर यांच्या निरीक्षकांना ते सापडत नव्हते. कोण चुकलं? दोन्ही बाजू एकमेकांच्या निरीक्षकांचं प्रशिक्षण कच्चं आहे असं म्हणू शकत होत्या, आणि तिसऱ्या कुणाला आत डोकावून पाहायची सोय नव्हती. वॉटसन उंदरांवर काम करून आलेले होते. प्रयोग झाला की शेवटी उंदराच्या जाणिवेबद्दल चार ओळी लिहाव्यात ही अपेक्षा त्यांना हास्यास्पद वाटे. त्यांनी लेख लिहून सरळ सांगितलं: मानसशास्त्राचा विषय वर्तन हा आहे, जाणीव नाही, ध्येय आहे वर्तनाचा अंदाज बांधणं आणि त्याचं नियंत्रण करणं. 1915 मध्ये ते अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

वॉटसन यांच्या आधीच्या निदानाशी मी सहमत आहे. त्यांच्या पुढच्या वागण्याशी नाही. 1920 मध्ये त्यांनी आणि रोझली रेनर यांनी बाल्टिमोरला, हॉस्पिटलमध्ये राहत असलेल्या ‘अल्बर्ट बी.’ या अकरा महिन्यांच्या बाळावर प्रयोग केला. बाळ पांढऱ्या उंदराला घाबरत नव्हतं. बाळाने उंदराकडे हात नेला की मागे लोखंडी सळईवर हातोडा मारायचा. पहिल्या दिवशी दोनदा, आठवड्याने आणखी पाच वेळा. सात ठोक्यांनंतर नुसता उंदीर पाहूनही बाळ रडू लागलं आणि रांगत दूर पळालं. ससा, कुत्रा, फरचा कोट यांच्याकडे पाहूनही त्याने तसंच केलं. बाळ हॉस्पिटलमधून कधी जाणार हे संशोधकांना माहीत होतं. तरी ती भीती काढून टाकण्याचा प्रयत्न न करताच त्यांनी त्याला जाऊ दिलं. एका बाळावरचा, नियंत्रण गट नसलेला, निरीक्षणं ढिसाळ असलेला हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत ‘भीतीचं अभिसंधान सिद्ध झालं’ म्हणून शंभर वर्षं फिरतो आहे. ज्यांनी शब्दांच्या शिस्तीसाठी झेंडा हाती घेतला त्यांनीच ‘सिद्ध’ हा शब्द इतका स्वस्त करावा, याचा मला राग येतो.

त्याच वर्षी रेनर यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे वॉटसन यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावं लागलं. ते जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत गेले आणि तिथे वर चढले. 1928 मध्ये त्यांनी बालसंगोपनावर पुस्तक काढलं: मुलांना मिठी मारू नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा. यातल्या एकाही सल्ल्यामागे मोजमाप नव्हतं. पुढे वॉटसन यांनाही या पुस्तकाचा पश्चात्ताप झाला. याउलट मेरी कव्हर जोन्स यांचं 1924 चं काम बघा. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला घाबरत होता. तो आवडीचं खात असताना ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आणायचा, आणि तो शांत राहील त्या बेताने दिवसागणिक जवळ. अखेर पीटर सशाला गोंजारू लागला. 1958 मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीवरच्या उपचाराची जी पद्धतशीर मांडणी केली, तिची वाट या खोलीतून निघते. आज विमानप्रवासाच्या किंवा कुत्र्यांच्या भीतीवर उपचार घेणारी माणसं वॉटसन यांच्यापेक्षा जोन्स यांची जास्त ऋणी आहेत. पुस्तकांत मात्र अल्बर्ट ठळक आणि पीटर तळटिपेत.

मधल्या काळात येल विद्यापीठातल्या क्लार्क हल यांनी सवय, प्रेरणा, प्रतिक्रिया यांची समीकरणं मांडून मानसशास्त्राला भौतिकशास्त्रासारखं करायचा प्रयत्न केला. तो मोठा प्रकल्प फार टिकला नाही. बर्कलीचे एडवर्ड टोलमन मला जास्त महत्त्वाचे वाटतात. स्वतःला वर्तनवादी म्हणवून घेत त्यांनी ‘हेतू’ आणि ‘अपेक्षा’ हे शब्द परत आत आणले. 1930 चा त्यांचा आणि हॉन्झिक यांचा प्रयोग असा: काही उंदरांना चक्रव्यूहाच्या शेवटी दहा दिवस काहीच खायला ठेवलं नाही, ते आत नुसते हिंडत राहिले. अकराव्या दिवशी अन्न ठेवताच त्यांच्या चुका एकदम घटल्या आणि पहिल्या दिवसापासून खाऊ मिळणाऱ्या उंदरांशी त्यांनी बरोबरी साधली. म्हणजे बक्षीस नसतानाही ते रस्ता शिकले होते, दाखवत नव्हते एवढंच. थॉर्नडाइक यांच्या मांजराचा आलेख हळूहळू उतरला होता. हा एकदम उतरला. ‘कळलं’ या शब्दाला इथे आलेखाचा आधार मिळाला.

बी. एफ. स्किनर यांनी वेगळा मार्ग धरला. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना गावी 1904 मध्ये जन्मलेला हा माणूस इंग्रजी साहित्य शिकला होता, त्याला लेखक व्हायचं होतं. कदाचित म्हणूनच शब्द बनवण्याची त्यांची हातोटी इतरांपेक्षा सरस होती. त्यांच्या पिंजऱ्यात उंदराने दांडी दाबली की खाऊची गोळी मिळते. पण दांडी दाबण्याआधी कोणता उद्दीपक आला होता? दाखवता येईल असा कोणताच नाही. मग ‘उद्दीपक-प्रतिक्रिया’ ही जोडी इथे कशाला ओढायची? 1937 मध्ये त्यांनी वर्तनाचे दोन प्रकार वेगळे केले. उद्दीपकाने बाहेर काढलेलं, लाळेसारखं, ते ‘रिस्पॉन्डन्ट’. प्राण्याकडून होणारं आणि परिस्थितीवर काही परिणाम करणारं, ते ‘ऑपरंट’. दुसऱ्या प्रकारात कारण आधी शोधायचं नाही. आधी ज्या ज्या वेळी असं केलं त्या त्या वेळी पुढे काय झालं होतं, हा इतिहास पाहायचा. स्किनर यांना आजही ‘उद्दीपक-प्रतिक्रियावाले’ म्हटलं जातं. त्यांनी नेमकं तेच मोडलं होतं.

त्यांचा एक शोध तर खाऊ संपत आल्यामुळे लागला. उंदरांच्या गोळ्या ते स्वतः हाताने पाडत आणि ते कंटाळवाणं काम होतं. एका शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की उरलेल्या गोळ्या सोमवारपर्यंत पुरणार नाहीत. तेव्हा दर दाबण्याला गोळी न देता मिनिटाला एकदाच द्यायचं ठरवलं. उंदीर दाबत राहिले, आणि तेही ठरावीक लयीत. कधीतरीच मिळणाऱ्या फळाने वर्तन जास्त चिवट होतं, या मोठ्या शोधाची ही सुरुवात. किती दाबल्यावर मिळेल याचा नेमच नसेल तर प्राणी सर्वांत चिकाटीने दाबतो. जुगाराची यंत्रं याच वेळापत्रकावर चालतात. कबुतराला हवी ती हालचाल पायरीपायरीने शिकवण्याचं ‘शेपिंग’ही असंच सापडलं, 1943 मध्ये मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. महायुद्धात कबुतरांनी पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारून बॉम्बला दिशा द्यावी असा प्रकल्प तिथे चालू होता. कबुतरं तयार झाली, प्रकल्प मात्र 1944 मध्ये बंद पडला.

‘रीइन्फोर्समेंट’, म्हणजे आपलं प्रबलन, हा शब्द स्किनर यांनी पावलोव्ह यांच्याकडून घेतला आणि त्याला नवा अर्थ दिला. बक्षीस हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. बक्षीस देणाऱ्याच्या मनात असतं. प्रबलन घेणाऱ्याच्या वर्तनात दिसावं लागतं. ज्या परिणामामुळे वर्तन वाढलं तोच प्रबलक. वाढलं नाही तर तुम्ही दिलेली वस्तू कितीही गोड असो, ते प्रबलन नाही. या एका व्याख्येत किती ताकद आहे ते 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसतं. अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गात मुलं सारखी जागेवरून उठत. शिक्षिकांना ‘खाली बसा’ असं जास्त वेळा सांगायला लावलं. तशी मुलं जास्त उठू लागली. मग बसलेल्या, काम करणाऱ्या मुलांचं कौतुक करायला सांगितलं, तेव्हा उठणं घटलं. शिक्षिकांच्या दृष्टीने ‘खाली बसा’ ही ताकीद होती. मुलांच्या वर्तनात तेच प्रबलन ठरलं. लक्ष मिळत होतं ना! हेतू काय होता हे न विचारता परिणाम काय झाला हे पाहण्याची ही सवय मला वर्तनवादाची सर्वांत मौल्यवान देणगी वाटते.

स्किनर यांनी मन नाकारलं, हा आरोपही तपासायला हवा. 1945 मध्ये त्यांनी लिहिलं, की दातदुखी ही खरी घटना आहे, फक्त तिच्यापर्यंत एकच माणूस पोहोचू शकतो. मग मूल ‘दुखतंय’ हा शब्द शिकतं कसं? आईला दुखणं दिसत नाही. तिला खरचटलेला गुडघा दिसतो, रडणं ऐकू येतं, आणि ती म्हणते, ‘बाऊ झाला का रे?’ आतल्या गोष्टीचं नाव आपण बाहेरच्या खुणांवरून शिकलो आहोत. म्हणूनच ‘मला कसंसंच होतंय’ यापुढे आपली भाषा बऱ्याचदा जात नाही. मनाविषयी मी वाचलेल्या विचारांपैकी हा एक सर्वांत खोल विचार आहे.

पण 1957 मध्ये ‘व्हर्बल बिहेविअर’ या पुस्तकात त्यांनी सगळी भाषा याच शब्दांत बसवायला घेतली आणि 1959 मध्ये तरुण नोम चॉम्स्की यांनी त्याचं परीक्षण लिहिलं. ते वाचताना जाणवतं, की चॉम्स्की वर्तनवाद्यांचंच हत्यार त्यांच्यावर चालवत आहेत. पिंजऱ्यात उद्दीपक म्हणजे दिवा, प्रतिक्रिया म्हणजे दांडी दाबणं, प्रबलन म्हणजे गोळी. तिन्ही स्वतंत्रपणे दाखवता येतात. चित्र पाहून माणूस ‘डच शैली’ म्हणाला तर उद्दीपक चित्राची शैली, ‘वाकडं लागलंय’ म्हणाला तर उद्दीपक चित्राची टांगणी! म्हणजे बोलणं ऐकल्यावर उद्दीपक ठरवायचा. लेखकाला अजून न जन्मलेल्या वाचकाकडून प्रबलन मिळतं असं म्हटल्यावर त्या शब्दात उरलं काय? ‘त्याला लिहावंसं वाटलं’ हेच प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून आलं. चॉम्स्की यांनी काही ठिकाणी स्किनर यांच्यावर अन्याय केला आहे, पण हा घाव वर्मी बसला आणि बसायलाच हवा होता.

पिंजऱ्यातूनही पुरावे येत होते. स्किनर यांचेच शिष्य केलर आणि मेरियन ब्रेलंड प्राण्यांना करामती शिकवण्याचा धंदा करत. 1961 मध्ये त्यांनी लिहिलं, की रॅकून नाणं डब्यात टाकायला शिकतं, पण दोन नाणी दिली की ती एकमेकांवर घासत बसतं, जणू खाणं धुतंय. खाऊ लांबतो तरी थांबत नाही. 1966 मध्ये गार्सिया आणि कोलिंग यांनी दाखवलं, की उंदीर आजारपण चवीशी जोडतो आणि विजेचा झटका दिव्या-आवाजाशी. उलट जोड्या लागत नाहीत. कोणतीही गोष्ट कशाशीही जोडता येते हे गृहीतक संपलं. 1968 मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी दाखवलं, की आवाज आणि झटका कितीदा एकत्र आले याला एकट्याला महत्त्व नाही. आवाज नसतानाही झटका तितकाच येत असेल तर आवाजाची भीती बसत नाही. आवाजाने झटक्याची खबर मिळाली पाहिजे. ‘अपेक्षा’ आता समीकरणात बसली होती. 1972 च्या रेस्कोर्ला-वॅग्नर समीकरणात शिकणं घडतं ते अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकामुळे. 1990 च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ यांना माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी असाच फरक नोंदवताना आढळल्या: अनपेक्षित रस मिळाला की त्या उसळतात, ठरलेला रस चुकला की मंदावतात.

मानसशास्त्राची पदवी घेतलेले रिचर्ड सटन आणि त्यांचे गुरू अँड्र्यू बार्टो यांनी हीच कल्पना संगणकात नेली. ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ हे नावच त्या शाखेला मिळालं आणि 2024 चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. आज भाषा बोलणाऱ्या संगणकप्रणाली घडवतानाही हे तंत्र वापरतात. त्यांच्याबद्दल आपण बेधडक ‘त्याला वाटलं’, ‘त्याने खोटं सांगितलं’ म्हणू लागलो आहोत. असं म्हणायचं की नाही हा वाद होऊ द्यावा. पण कशाच्या आधारावर म्हणतो ते सांगायची तयारी हवी.

शेवटी शिक्षकांशी आणि पालकांशी एका चुकीबद्दल बोलायचं आहे, कारण ती रोजच्या वापरातली आहे. ‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट’ म्हणजे शिक्षा, असं सर्रास समजलं जातं. गोंधळाला स्किनर स्वतःही जबाबदार आहेत: 1938 च्या पुस्तकात त्यांनी हा शब्द आज ज्याला शिक्षा म्हणतात त्याच बाजूने वापरला होता, आणि 1953 पर्यंत अर्थ बदलला. आजचा अर्थ पक्का आहे. प्रबलन धन असो वा ऋण, वर्तन वाढतंच. धन म्हणजे काहीतरी मिळालं, ऋण म्हणजे नकोसं काहीतरी गेलं. शिक्षेने वर्तन घटतं. गाडीतली टिंगटिंग थांबावी म्हणून आपण पट्टा लावतो, ते ऋण प्रबलन. दुकानात मूल भोकाड पसरतं आणि आई चॉकलेट घेऊन देते, तेव्हा मुलाच्या रडण्याला धन प्रबलन मिळतं. आणि रडणं थांबल्यामुळे आईच्या चॉकलेट देण्याला ऋण. पुढच्या वेळी दोघंही तेच करतील, आणि दोघांपैकी कुणीही वाईट नाही.

तेव्हा तुम्ही टीईटीची तयारी करत असाल, शिकवत असाल किंवा घरी मुलाच्या हट्टाने बेजार असाल, तर ‘हट्टी आहे’, ‘लक्षच नसतं त्याचं’ हे शब्द आठवडाभर बाजूला ठेवा. वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. आणि चौथ्या रकान्यात तुम्ही काय केलंत आणि तुमचं काय टळलं, तेही लिहा.